कामातून मन का उठते?

नोकरीस लागलेला मुलगा घरी येऊन म्हणतो, "कामात मन लागत नाही." वडील म्हणतात, "पंख्याखाली बसायचे, एक तारखेला पगार घ्यायचा, त्यात मन न लागायला काय झाले? आम्ही खडी फोडली, गोण्या वाहिल्या, तेव्हा मन लागते का म्हणून कोणी विचारले होते?" असा संवाद आज आपल्या पुष्कळ कुटुंबांत होत असतो. वडिलांचे म्हणणे खोटे नाही. परंतु मुलगाही खोटे बोलत नाही. तेव्हा या दोघांनी एकमेकांस दोष देण्यापूर्वी प्रश्न नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट ही की, हे दुखणे एका घराचे वा एका देशाचे नाही. गॅलप या अमेरिकन संस्थेच्या जागतिक पाहणीप्रमाणे २०२४ साली जगातील नोकरदारांपैकी केवळ २१ टक्के लोक मनापासून कामात गुंतलेले आढळले. आदल्या वर्षी हे प्रमाण २३ टक्के होते. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांत ते ३० वरून २७ वर आले. म्हणजे जो दुसऱ्यास मन लावून काम करण्याचा उपदेश करतो, त्याचेच मन अधिक वेगाने उडत चालले आहे! चीनमधील तरुणांत २०२१ साली 'आडवे पडून राहणे' हा शब्दप्रयोग निघाला. अमेरिकेत २०२२ साली 'मूक राजीनामा' हा शब्द सर्वतोमुखी झाला. मूक राजीनामा म्हणजे नोकरी सोडायची नाही, नेमून दिलेले तेवढेच करायचे आणि वेळ झाली की उठायचे. (नेमून दिलेले काम वेळेत करणे हा अपराध कसा, हे मात्र मालकवर्गाने अद्याप सांगितलेले नाही.)

याचे कारण विचारले तर एक उत्तर तयार असते: आजकालची माणसे आळशी झाली आहेत. बंधुभगिनींनो, हे उत्तर आपणांस फार जुन्या काळापासून परिचित आहे. "या लोकांचा स्वभावच तसा", "यांच्या रक्तातच ते नाही", हे शब्द आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले आणि आपल्यातील जो आज कचेरीत बसतो त्याच्या पाठीमागे आजही बोलले जातात. म्हणून आळस हा माणसाच्या स्वभावात असतो की कामाच्या मांडणीत, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ पुस्तकी नाही. त्याचे उत्तर मिळण्यासारखे एक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. ते थोडे विस्ताराने पाहू.

कॅलिफोर्निया राज्यात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना होता. १९८२ साली कंपनीने तो बंद केला. त्या वेळी तेथील कामगारांची ख्याती देशातील सर्वांत वाईट कामगार अशी होती. शंभरातील वीस जण गैरहजर असत. कामावर दारू पिणे चाले. गाडीच्या दारात मुद्दाम रिकाम्या बाटल्या ठेवून दिल्या जात, म्हणजे विकत घेणाऱ्यास खडखडाट ऐकू यावा आणि तो कोठून येतो ते कळू नये. व्यवस्थापनाविरुद्धच्या तक्रारअर्जांची संख्या हजारांत होती. आता याच कारखान्याची दुसरी बाजू पाहा. तेथे एकच नियम पवित्र मानला जाई, तो हा की सरकता पट्टा थांबता कामा नये. कामगाराच्या डोळ्यांदेखत चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. दुरुस्ती शेवटी आवारात होईल ती होईल. चूक दाखवणाऱ्यास शाबासकी नव्हती. त्याचे हात हवे होते, डोळे आणि डोके नको होते. ज्याचे डोके आठ तास नको असते, तो ते डोके कोठेतरी लावणारच. त्याने ते बाटल्या लपवण्यात लावले.

पुढे जपानची टोयोटा कंपनी आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना १९८४ साली पुन्हा सुरू केला. त्यास नूमी असे नाव पडले. सुरुवातीस घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्याच कारखान्यातील होते. कामगार संघटना तीच, तिचे पुढारीही बव्हंशी तेच. त्यांतील काही शेकडा लोकांस जपानमधील ताकाओका येथील कारखान्यात शिकण्यास पाठविले. कामगारांच्या लहान लहान तुकड्या केल्या. प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली. काही चुकले वा जमेना तर त्याने दोरी ओढायची, म्हणजे तुकडीचा प्रमुख धावून येई, आणि तेवढ्यात निभावले नाही तर पट्टा थांबे. अधिकाऱ्यांसाठी वेगळे भोजनगृह आणि राखीव गाडीतळ राहिला नाही. कामाचे टप्पे कसे बसवावे, यात कामगाराचे मत घेतले जाऊ लागले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कंपनीवर फारच मोठे संकट आल्याखेरीज कोणासही कामावरून कमी करणार नाही, असे करारात लिहून दिले. १९८७-८८ च्या सुमारास गाड्यांची मागणी पुष्कळ घटली. तेव्हाही कोणास घरी न पाठवता रिकाम्या वेळात शिक्षण दिले.

परिणाम काय झाला? गैरहजेरी २० टक्क्यांवरून ३ ते ४ टक्क्यांवर आली. दोन वर्षांच्या आत गाड्यांची गुणवत्ता जपानमधील कारखान्याच्या जवळपास पोहोचली. माणसे तीच, गाव तेच. मग आळशी स्वभाव गेला कोठे?

कोणी म्हणेल, दोन वर्षे बेकार राहिल्याने ते घाबरले आणि म्हणून सरळ झाले. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. भीतीचा वाटा काहीच नसेल असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच राज्यातील व्हॅन नाइस येथे जनरल मोटर्सचा दुसरा कारखाना होता. तोही बंद पडेल अशी टांगती तलवार तेथील कामगारांवर अनेक वर्षे होती. तेथेही कंपनीने फ्रीमाँटच्या धर्तीवर तुकड्या पाडल्या. परंतु कामगारांचा कंपनीवर विश्वास नव्हता आणि कंपनीचा कामगारांवर नव्हता. तेथे काही सुधारले नाही आणि १९९२ साली तो कारखाना बंद झाला. भीती दोन्हीकडे होती. तेव्हा केवळ भीतीने सर्व घडले असे मानता येत नाही.

फ्रीमाँट म्हणजे स्वर्ग होता असेही कोणी समजू नये. जुन्या व्यवस्थेत कामगार एका मिनिटात सुमारे ४५ सेकंद काम करीत असे, नव्या व्यवस्थेत सुमारे ५७ सेकंद. कामगार चळवळीतील काहींनी या पद्धतीवर कडक टीका केली आणि त्यात तथ्य होते. पुढे जनरल मोटर्सने २००९ साली अंग काढून घेतले व २०१० साली नूमी बंद झाला. तो कामगारांच्या आळसाने बंद झाला, असे मात्र कोणी म्हणू शकले नाही.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात याच प्रश्नास हात घातला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे मत सर्वांस पाठ असते. परंतु त्यापुढे ते सांगतात की, जे काम माणसाने निवडले नाही, जे त्याच्या कुवतीस धरून नाही आणि जे करणाऱ्यास समाज हलके लेखतो, त्या कामाविषयी त्याच्या मनात तिटकारा उत्पन्न होतो आणि ते टाळण्याकडे त्याची प्रवृत्ती होते. ज्या व्यवस्थेत माणसाचे मन आणि बुद्धी कामात नाही, तेथे कार्यक्षमता येणार कोठून, असा त्यांचा सवाल आहे. फ्रीमाँटचा कारखाना बंद पडण्याच्या ४६ वर्षे आधी हा विचार मांडला गेला.

मुंबईच्या गिरण्यांत तर याचा ढळढळीत पुरावा होता. अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांस बंद होते. कारण काय, तर कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि इतर कामगारांस त्याचा विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कताई खात्यात कितीही मन लावून काम केले तरी पुढचे दार उघडणार नाही, हे ज्यास पहिल्या दिवशीच ठाऊक असते, त्याने कोणत्या आशेवर घाम गाळावा?

आणि ज्यांस दार उघडले त्यांचे काय? राखीव जागांवरील माणसांमुळे कामाचा दर्जा घसरतो, असे सर्रास बोलले जाते. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांस मिळाला नाही. उलट वरच्या दोन श्रेणींत ते वाढल्यावर काही अंशी चांगला परिणाम दिसला. आपल्या मुलामुलींनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. कचेरीत चहाच्या वेळी तो विषय निघतोच.

इतके वाचून एखादा तरुण म्हणेल, "म्हणजे सर्व दोष व्यवस्थेचा, मी निर्दोष!" तसे नाही. तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, आणि व्यायाम म्हणजे येथे प्रयत्न. तो मालकावर सोपवून मोकळे होता येत नाही. अंगुत्तर निकायात आळसाच्या आठ निमित्तांचे एक मोठे मार्मिक सुत्त आहे. काम करायचे आहे म्हणून मनुष्य आधीच आडवा होतो आणि काम झाले म्हणूनही आडवा होतो. प्रवास करायचा आहे, प्रवास झाला; पोटभर मिळाले नाही, पोट फार भरले; थोडे दुखते आहे, नुकतेच बरे वाटू लागले; प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच, की पडून राहावे. याच आठ प्रसंगांत उद्योगी मनुष्य उलट निष्कर्ष काढतो. शाळेत शिकविताना मला हे सुत्त वरचेवर आठवते. गृहपाठ न करणाऱ्या मुलाची कारणे अडीच हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीत.

परंतु याच निकायात सोण भिक्षूची कथाही आहे. सोण हा श्रीमंत घरातला, पूर्वी वीणा वाजवणारा. भिक्षू झाल्यावर त्याने इतका अतिरेकी प्रयत्न केला की, चालून चालून पायांतून रक्त आले, आणि अखेर सर्व सोडून घरी जावे असे त्यास वाटू लागले. तेव्हा तथागतांनी त्यास वीणेच्या तारांविषयी विचारले. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही आणि सैल सोडली तरी नाही. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, सोणाचे मन आळसाने उडाले नव्हते, अतिश्रमाने उडाले होते. आजच्या अनेक नोकरदारांची अवस्था तीच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करण्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकाराने २०१६ साली सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मेली. रात्री अकरालाही साहेबाचा फोन घेणाऱ्या मुलास "आळस सोड" असे सांगणे म्हणजे ताणलेली तार आणखी पिळणे होय. त्याची तार सैल आहे की ताणलेली, हे आधी पाहिले पाहिजे.

म्हणून आईवडिलांनी मुलास पगार किती याखेरीजही काही विचारावे. तुझी चूक झाली तर साहेब शिकवतो की चारचौघांत अपमान करतो? तू सुचवलेले कोणी ऐकतो का? तुझ्याबरोबर लागलेल्यांस बढती मिळाली आणि तुला नाही, असे झाले का? झाले असेल तर नियम काय सांगतो? संघटनेत नाव घातलेस का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असूनही मन लागत नसेल, तर मग आठ निमित्तांचे सुत्त त्याच्यापुढे खुशाल ठेवावे.

एक गोष्ट राहिली. आपल्यापैकी काही कुटुंबे आता दुसऱ्यास काम देऊ लागली आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाच्या हाताखाली चार कारकून आहेत, कोणाकडे धुण्याभांड्यास मावशी येतात. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरात काही विशेष गोडधोड आले तर त्यात वाटा द्यावा, आणि वेळोवेळी सुटी द्यावी. काम करणाऱ्याचीही पाच कर्तव्ये तेथे आहेत, परंतु ती नंतर येतात, मालकाची आधी. येत्या रविवारी वंदनेनंतर हे सुत्त घरात वाचावे आणि मावशींना महिन्यातून किती सुट्या मिळतात, त्या आजारी पडल्या तर त्या दिवसांचे पैसे कापले जातात का, हे सर्वांनी मिळून वहीत लिहून काढावे.