सर्व्हर वाढवले, तरी साइट रखडते
प्रश्न : आम्ही गरब्याचे पास वेबसाइटवरून विकतो. बुकिंग सुरू होताच साइट रखडते. दोन सर्व्हर वाढवले, तर आणखीच मंदावली. असं का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तुम्ही वाढवलेत ते मधल्या थरातले ॲप्लिकेशन सर्व्हर, गर्दी बहुधा मागे, डेटाबेसवर आहे. प्रत्येक नवा सर्व्हर डेटाबेसकडे आपली वेगळी कनेक्शन्स उघडतो. डेटाबेसचे प्रोसेसर मात्र तेवढेच, म्हणून ओढाताण वाढते.

आधी मोजा. सेकंदाला १०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येक विनंती डेटाबेसमध्ये ०.०५ सेकंद थांबत असेल, तर सरासरी ५ विनंत्या एकाच वेळी आत असतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा साधा गुणाकार आहे. इंडेक्स नसल्यामुळे तोच वेळ अर्ध्या सेकंदावर गेला, की ५ च्या ५० होतात! रांगेच्या साध्या गणितात यंत्रणा निम्मी व्यस्त असते तेव्हा प्रतिसादाला मोकळ्या यंत्रणेच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्के व्यस्त असते तेव्हा दहापट. म्हणून डेटाबेसला थोडी मोकळीक ठेवाच.

‘उरलेले पास’ हा आकडा डेटाबेसच्या एकाच ओळीत ठेवला आहे का, तेही पाहा. पैसे भरेपर्यंत ती ओळ लॉक राहिली, तर बाकी सगळे खोळंबतात. तिथे कितीही मोठं मशीन आणलं तरी उपयोग नाही. पास दहा मिनिटांसाठी राखून लॉक लगेच सोडा. वेळापत्रक, नकाशा, छायाचित्रं कॅशमधून द्या. कनेक्शन्सवर एकूण मर्यादा घाला. एवढं करूनही डेटाबेसचा प्रोसेसर सतत भरलेला दिसला, तर खर्च तिथेच करा. तोवर नवे दोन सर्व्हर बंद ठेवायला हरकत नाही.