ईमेल आपला, तर चावीही आपल्याच हातात : शिक्षक व पालकांसाठी संगणक सुरक्षेचे पहिले धडे



आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावाचे नाव देशभर पोहोचले ते २९ सप्टेंबर २०१० रोजी. देशातील पहिले आधार क्रमांक त्या दिवशी टेंभलीत देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला आले होते. म्हणजे बारा आकडी ओळख सगळ्या देशाच्या आधी आपल्या जिल्ह्यात आली. आज आधार, बँक खाते, मोबाईल नंबर आणि ईमेल या चार गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. पहिल्या तीन गोष्टी आपण थोड्याफार जपतो. ईमेलचे नाव काढले की मात्र "आपण कुठे मेल वापरतो?" असे म्हणून सोडून देतो. खरी अडचण तिथेच सुरू होते.

ईमेल एवढा महत्त्वाचा का?

कोणत्याही पोर्टलवर "पासवर्ड विसरलात?" असे एक बटण असते. ते दाबले की नवीन पासवर्ड करण्याची लिंक बहुतेक वेळा ईमेलवर नाहीतर मोबाईलवर येते. म्हणजे ज्याच्या हातात तुमचा ईमेल, त्याच्या हातात तुमच्या बाकीच्या खात्यांच्याही चाव्या. घरातल्या सगळ्या कपाटांना कुलपे लावायची आणि चाव्यांचा जुडगा मात्र ओट्यावर ठेवायचा, असे आपण करत नाही ना? मग सुरक्षेची सुरुवात ईमेलपासूनच करू या.

१. आधी पाहा, ईमेल नक्की कोणाचा आहे?

आपल्या भागात बऱ्याच पालकांचा ईमेल त्यांनी स्वतः काढलेला नसतो. शिष्यवृत्तीचा किंवा दाखल्याचा फॉर्म भरताना केंद्रावरच्या मुलाने तो घाईघाईत काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या वहीत, आणि कधी कधी मोबाईल नंबरही त्याचाच. त्याचा हेतू वाईट असतो असे नाही, रांग मोठी असते. पण पुढच्या वर्षी तो मुलगा दुसरीकडे कामाला गेला तर?

एनएमएमएस परीक्षेचे उदाहरण घ्या. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. पण दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावे लागते. लॉगिनच उघडले नाही तर मुलीची हुशारी काय कामाची?

म्हणून ही तपासणी आजच करा :

- ईमेल आणि पासवर्ड घरातल्या निदान एका माणसाला माहीत आहे का?
- खात्याला जोडलेला मोबाईल नंबर घरातलाच आणि चालू आहे का?
- ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांनी जास्त काळजी घ्यावी. सिमकार्ड तीन महिने अजिबात वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे जाणार. नंबर बदलला की आधी ईमेल, बँक आणि आधार या तिन्ही ठिकाणी बदलून घ्या.
- गुगलचे खाते दोन वर्षे कोणीच उघडले नाही तर गुगल ते काढून टाकू शकते. वर्षातून दोनदा तरी खाते उघडून पाहा.

२. पासवर्ड कसा असावा?

मुलाचे नाव, जन्मसाल, गावाचे नाव, मोबाईल नंबर हे पासवर्ड नकोत. आता शिक्षकांसाठी खास : शाळेचा यू-डायस नंबर कृपया पासवर्ड म्हणून ठेवू नका. तो अकरा आकडी आहे, पण त्यात गुपित काही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचे नंबर २७०१ नेच सुरू होतात आणि पूर्ण नंबर कोणालाही पाहता येतो.

सोपी युक्ती सांगतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. समजा, विळा, पाटी, बोर, कंदील. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि मध्ये एखादा आकडा आणि चिन्ह टाका. लक्षात ठेवायला सोपे, ओळखायला अवघड. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलीतले शब्द घेतले तर आणखी उत्तम. (वरचे चार शब्द मात्र वापरू नका, ते आता सगळ्यांनी वाचले!)

ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही पोर्टलला देऊ नका. एका ठिकाणचा फुटला तर निदान बाकीचे वाचतात. लिहून ठेवायचाच असेल तर घरच्या पेटीत, कागदपत्रांसोबत ठेवा. शाळेत संगणकाच्या स्क्रीनला चिकटवलेली चिठ्ठी किंवा कार्यालयाच्या भिंतीवरचा तक्ता ही त्याची जागा नव्हे.

३. दुसरे कुलूप लावा

गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये "सुरक्षा" या भागात २-टप्पी पडताळणी असते. ती चालू केली की नुसत्या पासवर्डवर खाते उघडत नाही, तुमच्या मोबाईलवरूनही होकार द्यावा लागतो.

"पण सर, धडगाव-मोलगीकडे रेंजच नसते, मग ओटीपी येणार कसा?" हा प्रश्न बरोबर आहे. त्यासाठी तिथेच "बॅकअप कोड" मिळतात. एका वेळी दहा कोड, प्रत्येक आठ आकडी. एक कोड एकदाच चालतो. वापरला की त्यावर काट मारायची. हा कागद प्रिंट करून रेशनकार्डासारखा जपून ठेवा. रेंज नसली तरी मोबाईलशिवाय काम होते.

४. दुसऱ्याच्या संगणकावर बसताना

तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत जावेच लागते. तिथे चार गोष्टी पाळा.

१) ब्राउझर "पासवर्ड सेव्ह करू का?" असे विचारतो. उत्तर कायम "नाही".
२) काम झाल्यावर नुसती खिडकी बंद करू नका. आधी लॉगआउट करा, मग उठा.
३) डाउनलोड केलेली फाइल डाउनलोड फोल्डरमधून काढा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.
४) घाईत लॉगआउट राहिले तर घरी आल्यावर मोबाईलवर गुगल खाते उघडा. सुरक्षा भागात "तुमची डिव्हाइस" अशी यादी दिसते. अनोळखी संगणक दिसला की तिथूनच त्याला बाहेर काढता येते.

यात आधारची फाइल सर्वात महत्त्वाची. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो, पण तो ठरलेला आहे : नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मसाल. फाइलचे नाव काहीही असो, तुम्हाला ओळखणारा माणूस दोन मिनिटांत ती उघडू शकतो. म्हणून फाइल मागे ठेवायची नाही. जिथे चालत असेल तिथे "मास्क्ड आधार" द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

५. पत्ता शेवटून वाचा

पोस्टाच्या पत्त्यात आपण गाव, तालुका, जिल्हा लिहितो. पत्र कोणत्या जिल्ह्यात जाणार हे शेवटच्या ओळीवरून कळते. वेबसाइटचेही तसेच आहे. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि तो शेवटून वाचा. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक पोर्टलचा शेवट "महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" असा होतो. सुरुवातीला "महाडीबीटी" किंवा "स्कॉलरशिप" हे शब्द कोणीही लिहू शकतो, पण शेवटी "जीओव्ही डॉट इन" लावणे कोणालाही जमत नाही. शेवट "डॉट कॉम" किंवा "डॉट एक्सवायझेड" असेल आणि आत आधार, बँक खाते, ओटीपी मागत असेल तर तिथेच थांबा.

मेल कोणी पाठवली हेही असेच पाहायचे. वर दिसणाऱ्या नावावर बोट ठेवले की खरा पत्ता दिसतो. नाव "शिक्षण विभाग" आणि पत्ता कोणाचा तरी खासगी, असे असेल तर आधी केंद्रप्रमुखांना फोन करून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

६. जोडलेली फाइल उघडण्यापूर्वी

"हे अडाण्यांनाच फसवतात" असा एक गैरसमज आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाचे उदाहरण पाहा. जुलै २०१६ मध्ये तिथे एका कर्मचाऱ्याने रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या मेलमधली फाइल उघडली. त्यातून चोर आत शिरले आणि सुमारे १७ कोटी डॉलर परदेशात वळवले गेले. गडबड लवकर लक्षात आली म्हणून ती रक्कम परत मिळवता आली. सुरुवात मात्र एका क्लिकने झाली होती.

आता हाच प्रकार व्हॉट्सॲपवर आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याला मोबाईलवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नव्हतीच, ते एपीके म्हणजे ॲप बसवणारी फाइल होती. उघडल्यावर खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. लक्षात ठेवा, पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर ती कितीही जवळच्या माणसाकडून येवो, उघडायची नाही. कारण त्याचाच मोबाईल हॅक झालेला असू शकतो.

७. पेन ड्राइव्ह आणि शाळेचा जुना संगणक

प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात नेताना पेन ड्राइव्ह जाते आणि येताना कधी कधी व्हायरस घेऊन येते. फोल्डरच्या जागी सगळीकडे शॉर्टकट दिसू लागले तर त्यावर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरसने तपासा. विंडोज १० आणि ११ मध्ये संरक्षणाची सोय आतच असते, ती बंद करून ठेवू नका. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अशा जुन्या संगणकावर मुलांना टायपिंग, चित्रे जरूर शिकवा, पण शाळेचे लॉगिन आणि बँकेचे काम त्यावर टाळलेले बरे. निकाल, हजेरी यांची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा.

८. तरीही फसवणूक झाली तर?

लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. "सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन" या साइटवरही तक्रार करता येते. चोर पैसे पुढच्या खात्यात सरकवण्याआधी कळवले तर ते अडवता येण्याची शक्यता असते.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक इथे उपयोगी आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेने सोसायचे असते. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर बाहेरच्या कोणाची आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार येत नाही. थोडक्यात, उशीर झाला की नुकसान आपल्या पदरात पडते. आणि दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीसाठी वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

घरच्यांना एक विनंती. आई-वडिलांकडून किंवा मुलाकडून चूक झाली तर आधी १९३० लावा, रागवायचे ते नंतर बघू. रागाच्या भीतीनेच माणूस दोन दिवस लपवतो आणि तोवर पैसे निघून जातात.

वर्गात करून पाहण्यासारखा उपक्रम

चौथी-पाचवीच्या मुलांना दहा चिठ्ठ्या द्या. काहींवर खऱ्या संदेशांचे, काहींवर खोट्या संदेशांचे नमुने लिहा : "तुम्हाला बक्षीस लागले", "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा", "शाळेला उद्या सुट्टी". प्रत्येक चिठ्ठीला मुलांनी तीन प्रश्न विचारायचे : कोणी पाठवले? घाई का करतोय? काय मागतोय? घरी जाऊन हेच तीन प्रश्न मुले आई-बाबांना, आजी-आजोबांना शिकवतील. आपल्याकडे अनेक घरांत मोबाईल वाचून दाखवणारे मूलच असते, म्हणून हा धडा त्याच्यामार्फत घरापर्यंत लवकर पोहोचतो.

पुढच्या पालकसभेत अर्धा तास यासाठी राखून ठेवा. प्रत्येक पालकाच्या मोबाईलवर ईमेल कोणाचा, नंबर कोणता, एवढे दोनच प्रश्न तपासले तरी पुष्कळ काम होईल.