स्पर्शावांचून चालणारी कळ

चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी व वरुड या भागांतील शेतकऱ्याचा माल शेतांतून निघाला, कीं आज तो बहुधा कोठल्या तरी यंत्रांतून जातो. कापूस जिनांत जातो, तूर डाळीच्या गिरणींत जाते, आणि संत्रें धुऊन, मेण लावून व आकारमानाप्रमाणें निवडून पेटींत भरलें जातें. या यंत्रांच्या अंगावर ठिकठिकाणीं अंगठ्याएवढी एक नळी बसविलेली असते. तिच्या मागील टोकास लहानसा दिवा असतो व तेथूनच तार निघते. कारागीर तिला सेन्सर किंवा प्रॉक्सिमिटी स्विच म्हणतात. या लेखांत आम्ही तिला सान्निध्य-कळ म्हणूं. ती कशी चालते, तिचे प्रकार कोणते व तिच्यावर विश्वास कोठवर टाकावा, हें शेतकऱ्यास ठाऊक असणें अगत्याचें आहे. यंत्रांत गुंतणारा पैसा आणि यंत्राजवळ वावरणारे हात, दोन्ही आपलेच असतात.

कळीचें तत्त्व

घरांतील दिव्याची कळ आपण बोटानें दाबतों, तेव्हां आंतील दोन पत्र्या एकमेकींस टेकतात व वीज वाहूं लागते. यंत्रावर अशी कळ दिवसांतून हजारों वेळां दाबली गेली, तर तिच्या पत्र्या झिजतात, त्यांत धूळ शिरते व ठिणग्यांनीं त्या करपतात. सान्निध्य-कळीस कोणीही शिवावें लागत नाहीं. ठराविक अंतरावर वस्तु आली, कीं ती विजेचा मार्ग आपोआप उघडते किंवा मिटते. जर्मनींतील मानहाइम येथील पेपर्ल व फुक्स या कारखान्यानें १९५८ सालीं अशी कळ तयार केली, ती रासायनिक कारखान्यांतील झिजणाऱ्या कळांच्या जागीं बसविण्यासाठींच होय.

१. धातु ओळखणारी कळ (इंडक्टिव्ह)

हिच्या तोंडाशीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें व त्यांतून वेगानें दिशा पालटणारा वीजप्रवाह खेळत असतो. त्यायोगें तोंडापुढें चुंबकीय क्षेत्र पसरतें. त्यांत लोखंडाचा तुकडा आला, कीं त्या तुकड्यांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात व वेटोळ्याची शक्ति शोषली जाते. आंतील मंडल ही घट ओळखतें आणि कळ पालटते. संत्रें, तूर, लाकूड वा पाणी यांची तिला दाद नसते.

तिचा आवांका फार थोडा आहे. १८ मिलिमीटर व्यासाची साधी कळ, तोंड धातूंत सपाट बसविली असतां, सुमारें ५ मिलिमीटरवरून लोखंड ओळखते. तोंड मोकळें ठेवण्याजोगी जात घेतल्यास हें अंतर ८ मिलिमीटरपर्यंत जातें. पितळ, ॲल्युमिनियम व तांबें यांच्या बाबतींत अंतर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतें. विक्रेता जें अंतर सांगतो तें पोलादी पत्र्याचें असतें, हें विसरूं नये.

दाणे वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या खालच्या आंसावर लोखंडी कान बसवून त्यासमोर ही कळ लावतात. प्रत्येक फेऱ्यास एक खूण मिळते. पट्टा घसरूं लागून खुणा थांबल्या, कीं मोटार बंद होते व घर्षणानें आग लागण्याचा धोका टळतो.

२. कोणताही पदार्थ ओळखणारी कळ (कपॅसिटिव्ह)

हिच्या तोंडापुढें विद्युत् क्षेत्र असतें. धान्य, पीठ, सरकी, पाणी, कोणताही पदार्थ जवळ आल्यास विद्युत् साठविण्याची तिची शक्ति पालटते. म्हणून हॉपर भरला कीं रिता आहे हें पाहण्यास ही कळ उपयोगी पडते. प्लास्टिकच्या पातळ भिंतीबाहेरूनही ती आंतील माल ओळखते; लोखंडी भिंतीस मात्र भोंक पाडून बसवावी लागते. ओला माल तिला सुक्या मालापेक्षां अधिक जोरानें जाणवतो. म्हणून ओलसर तुरीवर जुळविलेली कळ सुक्या तुरीला चुकूं शकते. अंगावरील स्क्रूनें ती पुन्हां जुळवावी व तोंडावर पिठाचा थर साचूं देऊं नये.

३. चुंबकानें चालणारी कळ

कांचेच्या नळींत लोखंडी जातीच्या दोन बारीक पट्ट्या ठेवलेल्या असतात. चुंबक जवळ आला, कीं त्या एकमेकींस चिकटतात. हिला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत वॉल्टर एलवुड यांनीं १९३६ सालीं हिचा शोध लावला. पाण्याच्या टाकींतील कांहीं तरंगत्या गोळ्यांत चुंबक बसवून, पाणी भरतांच पंप थांबविण्याचें काम हिच्याकडून करवितात.

४. प्रकाशाची व ध्वनीची कळ

प्रकाशाच्या कळींत एका बाजूनें किरण निघतो व वस्तु आडवी येतांच तो तुटतो. धांवत्या पट्ट्यावरील संत्रीं मोजण्यास ही उत्तम. परंतु जिनांतील रुईच्या तंतूंनीं तिचा डोळा झांकतो. ध्वनीची कळ कानास न ऐकूं येणारा नाद सोडते व प्रतिध्वनीस लागलेल्या वेळावरून अंतर काढते. नाद हवेंत सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून प्रतिध्वनि सेकंदाच्या शंभराव्या भागांत परतला, तर वस्तु १.७ मीटर दूर आहे असें समजावें.

बसवितांना

मोटारीचा भार कळीवर टाकूं नये. कळीनें रिले, रिलेनें काँटॅक्टर व काँटॅक्टरनें मोटार चालवावी. १० ते ३० व्होल्टवर चालणाऱ्या तीन तारांच्या कळींत तपकिरी तार धन, निळी ऋण व काळी आज्ञेची असते. बदली कळ आणतांना पीएनपी व एनपीएन यांतली जात जुळते कीं नाहीं तें पाहावें. तार तुटल्यास यंत्र थांबावें, चालूं राहूं नये, अशीच जोडणी कारागिराकडून करून घ्यावी.

थांबलेलें यंत्र बंद नसतें

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, पट्ट्यावर फळें अडकलीं, कळीनें तें ओळखलें व पट्टा थांबला. मजुरास वाटतें, यंत्र बंद झालें. तो हात घालून अडकलेलें फळ काढतो. तें फळ निघतांच कळीस वाट मोकळी दिसते, आणि हात आंत असतांनाच पट्टा सुरू होतो. यंत्र बंद नव्हतें. तें वाट पाहत होतें.

कळ हाताची राखण करणारी नव्हे. धातु ओळखणाऱ्या कळीस हात दिसतच नाहीं. कपॅसिटिव्ह कळीस दिसतो, पण तुरीच्या ढिगाप्रमाणेंच! तिला हात व माल यांतला भेद कळत नाहीं. म्हणून आम्ही दोन नियम सुचवितों. पहिला, कळीनें थांबविलेलें यंत्र माणसानें बटण दाबल्याखेरीज पुन्हां सुरू होऊं नये, अशी जोडणी यंत्र घेतांनाच मागून घ्यावी. दुसरा, हात घालण्यापूर्वीं मुख्य स्विच पाडून त्यास कुलूप लावावें व किल्ली हात घालणाराच्याच खिशांत असावी.

कळ विकत मिळते व बिघडल्यास बदलतां येते. बोटें तशीं मिळत नाहींत. यंदाच्या हंगामापूर्वीं आपल्या यंत्रावरील प्रत्येक कळ कोणत्या जातीची आहे व ती पालटली असतां यंत्र काय करतें, हें वाचकांनीं एकदां स्वतः उभें राहून पाहावें, आणि जे मजूर तेथें काम करतात त्यांसही दाखवावें, अशी आमची विनंती आहे.