पडद्यावरील मजकूर आणि त्याचा वेश

दगडी पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने काढलेला ‘क’ आणि वहीत निळ्या शाईने काढलेला ‘क’ हे दोन निरनिराळे ‘क’ आहेत, असे पहिलीतील मूलही म्हणत नाही. पृष्ठभाग काळा की पांढरा, हा अक्षराच्या वेशाचा भाग होय. संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर चालणारी जी वेब ॲप्लिकेशने आज शाळांतून वापरली जातात, त्यांतही हाच भेद असतो. मजकूर एक, त्याचे रंग, अक्षरांचा आकार, ओळींमधील अंतर हा त्याचा वेश. या वेशास ‘थीम’ म्हणतात, आणि वापरणाऱ्यास तो आपल्या सोयीप्रमाणे बदलता यावा, अशी व्यवस्था चांगल्या ॲप्लिकेशनमध्ये केलेली असते. ती कशी चालते व कोठे बिघडते, हे शिक्षकाने समजून घेतल्यास वर्गातील काही मुलांची एक अबोल अडचण दूर होऊ शकेल. ज्यास पडद्यावरचे नीट दिसत नाही, ते मूल बहुधा तसे सांगत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेते.

गडद पार्श्वभूमी डोळ्यांस हितकर आणि उजळ पार्श्वभूमी अपायकारक, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सरसकट खरी नाही. उजेड भरपूर असता डोळ्याची बाहुली लहान होते व प्रतिमा अधिक रेखीव उमटते. त्यामुळे दृष्टी निर्दोष असलेल्या बहुतेकांस उजळ पार्श्वभूमीवरील काळी अक्षरेच अधिक अचूक वाचता येतात. बुबुळाच्या वक्रतेत दोष असणाऱ्यास काळ्यावरची पांढरी अक्षरे कडेने पसरल्यासारखी भासतात. उलटपक्षी, मोतीबिंदूसारख्या विकाराने डोळ्यातील भिंग धूसर झाले असेल, तर पांढऱ्या पडद्याचा प्रकाश आत विखुरतो व चकाकी असह्य होते. अशा वाचकास गडद रूपच सोयीचे. रात्री दिवा मालवून वाचणाऱ्यासही तेच बरे वाटते. (गडद रूपाने बॅटरी वाचते, हेही अर्धेच खरे. ज्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, तेथे काळा बिंदू विझलेला राहतो व वीज वाचते. ज्या पडद्यामागे सतत दिवा असतो, तेथे काळ्या रंगाने फारसा फरक पडत नाही.) तेव्हा कोणती थीम उत्तम, हे ॲप्लिकेशन बनविणाऱ्याने दूर बसून ठरविण्यासारखे नाही. डोळा ज्याचा, निवड त्याची.

ही निवड शक्य झाली ती मजकूर व वेश यांची फारकत झाल्यामुळे. १९९४ साली होकोन व्हिउम ली या नॉर्वेच्या तंत्रज्ञाने वेबवरील पानांसाठी निराळ्या ‘स्टाईल शीट’ची, म्हणजे वेशपत्रिकेची, कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली. हिलाच सीएसएस म्हणतात. पानात मजकूर असतो; त्याचा रंग कोणता व अक्षर केवढे, हे वेशपत्रिका सांगते. पत्रिका बदलली की मजकुरास हात न लावता सारे पान पालटते.

आजची रीत अशी आहे. बनविणारा प्रत्येक ठिकाणी ‘येथे पांढरा, येथे काळा’ असे लिहीत बसत नाही. रंगांस तो कामावरून नावे देतो: पार्श्वभूमी, शाई, दुवा, इशारा. ही नावे देवनागरीत दिली तरी चालतात. सर्व पानभर केवळ नावेच वापरावयाची. उजळ थीममध्ये ‘शाई’ म्हणजे काळा आणि गडद थीममध्ये ‘शाई’ म्हणजे फिकट करडा, एवढे एकाच जागी सांगितले की पुरे. वापरणाऱ्याने बटण दाबताच पानाच्या मुळाशी ‘गडद’ ही खूण लागते आणि सर्व नावांचे अर्थ एकदम बदलतात. २०१९ पासून प्रमुख ब्राउझर पानास आणखी एक गोष्ट कळवू लागले: यंत्राच्या मालकाने यंत्रासाठी उजळ रूप निवडले आहे की गडद. म्हणून आता तीन पर्याय ठेवण्याचा प्रघात आहे: उजळ, गडद आणि यंत्राप्रमाणे. आरंभी यंत्राचे ऐकावे. पण माणसाने स्वतः निवड केली की माणसाचे ऐकावे, हा क्रम योग्य होय.

निवड लक्षात ठेवण्याचा प्रश्न शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. साधी ॲप्लिकेशने ती त्या यंत्रावरील ब्राउझरच्या साठ्यातच ठेवतात. एकाच टॅबवर पाळीपाळीने पाच मुले काम करीत असतील, तर पहिल्याने निवडलेला वेश पाचव्याच्या गळ्यात पडतो. जेथे प्रत्येक मूल आपल्या नावाने प्रवेश करते, तेथे निवड त्या नावाच्या खात्यात ठेवलेली असावी. मग मूल कोणत्याही यंत्रावर बसले तरी त्याचा वेश त्याच्यापाठोपाठ येतो. तशी सोय नसेल, तर थीमचे बटण कोठे आहे, हे प्रत्येक मुलास दाखवून ठेवावे आणि पाळी बदलताना ते तपासण्याची सवय लावावी. गडद रूप निवडूनही पान उघडताना क्षणभर पांढरा झोत डोळ्यांवर येत असेल, तर जतन केलेली निवड फार उशिरा वाचली जात आहे, असे समजावे. पान रंगविण्यापूर्वीच ती वाचणे, हे बनविणाऱ्याचे काम.

फारकत अपुरी राहिली म्हणजे काय होते, हे विकिपीडियाच्या अनुभवावरून दिसले. २०२४ मध्ये त्या ज्ञानकोशाने वाचकांस उजळ, गडद व स्वयंचलित असे पर्याय दिले. परंतु अनेक लेखांतील तक्त्यांत पूर्वीच्या संपादकांनी पार्श्वभूमीचा फिकट रंग मजकुरातच लिहून ठेवला होता आणि अक्षरांचा रंग मात्र सांगितला नव्हता. गडद रूपात अक्षरे फिकट झाली, तक्त्याची पार्श्वभूमी फिकटच राहिली, आणि मजकूर वाचेनासा झाला. असे तक्ते शोधून दुरुस्त करणे भाग पडले. पार्श्वभूमीचा रंग सांगितला तर अक्षराचाही सांगावा, हा नियम शालेय भित्तिपत्रक रंगविणाऱ्यासही लागू पडेल.

रंग निवडताना दोहोंतील उजेडाचे अंतर मोजता येते. काळ्या-पांढऱ्याचे गुणोत्तर २१ : १ असते. वेबवरील सुलभतेच्या प्रमाण नियमांनुसार सामान्य मजकुरासाठी ते किमान ४.५ : १ व मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा लिहिला तर ते जेमतेम १.०७ : १ भरते. देवनागरीत तर अधिक जपावे लागते. ‘खत’ व ‘खंत’ यांत फरक एका बिंदूचा; अंतर कमी पडले की प्रथम तो बिंदूच दिसेनासा होतो.

वर्गात या विषयास संगणकाची गरज नाही. जाड पुठ्ठ्यात ‘घर’ हा शब्द कोरून काढावा आणि पुठ्ठ्यामागे एकामागून एक रंगीत कागद धरावेत. शब्द तोच राहतो, रंग पालटतो. मजकूर व वेश यांचा भेद येथेच मुलांच्या हाती येतो. त्यानंतर पांढऱ्या कागदावर पिवळ्या, काळ्या कागदावर गडद निळ्या आणि पांढऱ्या कागदावर काळ्या रंगाने ‘खत’ किंवा ‘खंत’ यांपैकी एकेक शब्द लिहावा व मागील रांगेतील मुलांस वाचावयास सांगावे. कोणता कागद सुंदर दिसतो, हे या वेळी विचारू नये. नाहीतर चर्चा आवडत्या रंगांकडे वळते. मुलांनी काय वाचले, एवढेच फळ्यावर नोंदवावे. तोच प्रयोग खिडकी बंद करून पुन्हा करावा.

शेवटी तांबडा व हिरवा असे दोन ठिपके दाखवून ‘यांतील बरोबर उत्तर कोणते?’ असे विचारावे. काही मुलांस, विशेषतः मुलग्यांस, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, आणि ते त्यांस स्वतःसही ठाऊक नसते. म्हणून थीम कोणतीही असो, बरोबर व चूक या खुणा केवळ रंगावर सोपवू नयेत. शिक्षक वहीवर बरोबरची व फुलीची खूण करतात. त्यांची शाई तांबडीच असली तरी आकार निराळे असतात, आणि रंग न ओळखणाऱ्या मुलासही आपले उत्तर चुकले की नाही, हे कळते. ज्या ॲप्लिकेशनमध्ये उत्तरापुढे नुसता रंगीत ठिपका येतो, तेथे शिक्षकाने निकाल तोंडी सांगावा व अशा मुलाचे नाव दृष्टितपासणीसाठी टिपून ठेवावे.