हे गाथ्यात कोठे आहे?

सज्जनहो, प्रथम आमचीच चूक सांगतो. एका गावी सप्ताहात आम्ही कीर्तनास उभे होतो. एकच परमात्मा नाना रूपांनी कसा नटला, हे सांगताना 'आधी बीज एकले' हे पद तुकोबारायांचे प्रमाण म्हणून मोठ्या आवेशाने दिले. टाळकऱ्यांनी ते उचललेही. आरती झाल्यावर एक म्हातारे माळकरी पाया पडले आणि हळूच म्हणाले, "महाराज, लई गोड झालं. पण हे गाथ्यात कुठं हाय?"

रात्री गाथा चाळला. नाही. असणार कसे? ते पद शांताराम आठवले यांनी प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटासाठी रचले आहे. आठवल्यांनी काही लपविले नाही. पदात 'तुका म्हणे' ही मुद्रासुद्धा नाही. ती आमच्याच कानाने लावून घेतली!

दामले-फत्तेलालांच्या त्या चित्रपटाला आम्ही नावे ठेवीत नाही. १९३७ साली व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला, आणि ज्या घरी गाथा नव्हता त्या घरीही तुकोबांचे नाव पोहोचले. तुकोबा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीसांचा चेहरा येतो. चेहऱ्याचे एक वेळ असो. शब्दांचे तसे नाही. वारकऱ्याची सारी मिळकत शब्दांचीच.

कोणी म्हणेल, ही सारी यंत्रांची करणी. मग छापखाना तरी कोठे सनातन आहे? १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून गाथ्याचे दोन खंड निघाले, तेव्हा तीही नवलाईच होती. पण छापील गाथ्यात अभंगाला क्रमांक असतो, म्हणून तर त्या माळकरीबुवांना 'कुठं हाय' असे विचारता आले. पडद्यावरून, रेडिओवरून आणि आता मोबाईलवरून येणारे पद आधी चालीने मनात उतरते. कोणाचे, हे विचारायचे राहूनच जाते. मोबाईलवर तर तुकोबांचे चित्र लावून कोणाच्याही ओळी फिरतात.

तेव्हापासून क्रमांक सापडल्यावाचून आम्ही प्रमाण देत नाही. पुढल्या वर्षी त्याच सप्ताहात उभे राहून चूक कबूल केली. बाबा पुढेच बसले होते. म्हणाले, "पद वाईट न्हाई, महाराज. वाटंनं चालताना म्हणू की. नाव तेवढं आठवल्यांचं घ्यायचं."