आधी वही वाच, मग टेबल मांड

पोरी, बीडमध्ये राहूनच धंद्याची सॉफ्टवेअरं करायची असं तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. इथल्या आडत दुकानांना, जिनिंगवाल्यांना, दूध संकलन केंद्रांना, ऊसतोडीच्या मुकादमांना हिशेब रोजचाच असतो. तो इथल्या रिती ठाऊक असलेल्या माणसानं मांडला तरच वर्षानुवर्षं चालतो. फॉक्सप्रोच्या काळापासून मी हेच काम केलं, म्हणून काही गोष्टी तुझ्या कानावर घालतो.

गिऱ्हाइकाकडे पहिल्यांदा गेलीस की लॅपटॉप पिशवीतच राहू दे. त्याची वही माग आणि पानापानानं वाच. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचार: हे कोण लिहितं, कधी लिहितं, चुकलं तर काय करता? समासात पेन्सिलीनं खरडलेलं असेल ते तर जरूर विचार. आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, आडत छापलेली दिसते. पण शेतकऱ्यानं पेरणीच्या वेळी नेलेली उसनी रक्कम कोणत्या मालातून आणि किती वळती करायची, ते समासातच असतं. मालकाला विचारलंस तर तो सांगेल, "आमचं साधंच आहे." त्यावर विसंबू नकोस. मुनीमजीशेजारी बाजाराच्या दिवशी बसून बघ.

वही कळली की मग टेबलांकडे वळ. रिलेशनल डेटाबेसचा पाया आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात घातला. माहिती टेबलांत मांडायची आणि ती यंत्रात कुठं, कशी ठेवली आहे याचा भार वापरणाऱ्यावर टाकायचा नाही, हा त्यांचा विचार. इतक्या वर्षांत तो जुना झाला नाही, अवजारं मात्र जुनी होतात. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल थांबवली. ज्यांची टेबलं नीट होती त्यांचा हिशेब दुसरीकडे सुखरूप गेला. ज्यांचे सगळे नियम स्क्रीनच्या कोडमध्ये कोंबलेले होते, त्यांना पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं. तू पोस्टग्रेस घे, मायएसक्यूएल घे, नाहीतर ओरॅकलच्या एपेक्सवर झटपट स्क्रीन बनव. पण वजन उणे असू शकत नाही, शेतकऱ्याशिवाय पट्टी होत नाही, असे नियम डेटाबेसमध्येच बांध. उद्या कोणी मोबाइल ॲप जोडलं तरी ते नियम लागू राहतील.

आता ऊसतोडीचा हिशेब नीट समजून घे, कारण आपल्या जिल्ह्यात याहून नाजूक हिशेब दुसरा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्याच्या कितीतरी आधी मुकादमानं कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीमागे, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिलेली असते. हंगामात टनामागे मजुरी चढते, उचल फिटत जाते, खाडे कापले जातात आणि फिटली नाही ती बाकी पुढच्या हंगामावर जाते. नवखा माणूस इथं कोयत्याच्या टेबलात 'बाकी' नावाचा रकाना करतो आणि दर वेळी त्यातला आकडा बदलत राहतो. तू तसं करू नकोस. बाकी नोंदींवरून काढायची. उचल दिली ती एक ओळ, मजुरी चढली ती एक ओळ, दवाखान्याला मधेच पैसे दिले ती एक ओळ. प्रत्येकीत तारीख, रक्कम, कारण आणि लिहिणाऱ्याचं नाव. हंगाम संपताना मजूर विचारतो, "माझ्याकडं एवढे कसे निघाले?" त्या वेळी सगळ्या ओळी छापून त्याच्या हातात देता आल्या पाहिजेत. नुसता शेवटचा आकडा असला की मुकादमाचा शब्द खरा ठरतो आणि मजुराच्या कुटुंबाचा आणखी एक हंगाम त्या आकड्यापायी जातो.

म्हणून पैशांच्या स्क्रीनवर डिलीटचं बटण ठेवूच नकोस. नोंद चुकली तर तिची उलटी नोंद टाकायची आणि शेजारी कारण लिहायचं. मालक आग्रह धरेल, तरी ठाम राहा. काम हातचं गेलं तर जाऊ दे.

आणखी एक. कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी, पण वहीत नाव पुरुषाचं असतं. वहीवरून जशीच्या तशी टेबलं केलीस तर अर्धा ऊस तोडणारी बाई तुझ्या डेटाबेसमध्ये असणारच नाही. कोयत्याचं टेबल वेगळं कर, माणसांचं वेगळं, आणि दोन्ही जोडणारं तिसरं. त्यात कधीपासून कधीपर्यंत हे रकाने ठेव, कारण जोड्या बदलतात. कधी बाप-लेक जातात, कधी भाऊ-भाऊ. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उभा राहिला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि आपल्या जिल्ह्यात एकेका बाईला गाठून विचारावं लागलं. ओळखपत्र, विमा, मजुरीतला वाटा, काहीही तिच्या नावे द्यायचं तर आधी तिची स्वतःची नोंद लागते. हे मी तुला मनापासून सांगतो: मुकादमानं मागितलं नाही तरी हे टेबल कर.

दर कधीही कोडमध्ये लिहू नकोस. जानेवारी २०२४ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले आणि मुकादमाचं कमिशनही एक टक्क्यानं वाढलं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली. दराच्या टेबलात 'या तारखेपासून' असा रकाना असला की नवी ओळ टाकून भागतं आणि जुन्या पट्ट्या जुन्या दरानंच निघतात. रक्कम आणि वजन दशांशाच्या नेमक्या प्रकारात ठेव. फ्लोटमध्ये पैसे इकडेतिकडे होतात, आणि पाच पैशांचा फरक निघाला तरी मुनीमजींचा विश्वास उडतो.

गावाचं नाव, माणसाचं नाव, मोबाइल नंबर, यातलं काहीच ओळखीचा क्रमांक म्हणून वापरू नकोस. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी किती आहेत ते तुला माहीतच आहे. एका मोबाइलवर अख्खं घर असतं. शेजारचे औरंगाबाद, उस्मानाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले. गावांना सरकारी निर्देशिकेतले कोड असतात, ते टेबलात घे. आधार क्रमांक मात्र कायद्यानं लागत नसेल तर मागूच नकोस.

जुन्या फॉन्टमधली मराठी नावं आधी युनिकोडमध्ये आण. शिवाय 'कऱ्हाडे' मधला अर्धा 'ऱ' कीबोर्डप्रमाणे दोन-तीन तऱ्हांनी साठतो. पडद्यावर सारखाच दिसतो, पण शोधलं की सापडत नाही. नोंद आत येतानाच तो एका रूपात आणायचा.

विजेचं काय ते तुला सांगायला नको. वजन, पट्टी आणि पैसे चुकते केल्याची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेव, म्हणजे मधेच वीज गेली तर तिन्ही होतील किंवा तिन्ही होणार नाहीत. बॅकअप दुकानाबाहेर ठेव आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून एखादी मागच्या हंगामाची पट्टी काढून बघ. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी कधीच भरवसा ठेवला नाही.

पैशांचं बोलणं सुरुवातीलाच कागदावर कर: काम करण्याचे किती, वर्षाच्या देखभालीचे किती, नवी मागणी आली तर किती. ओळखीपायी फुकट केलेल्या कामाची देखभालही फुकटच करावी लागते. त्याच कागदावर लिही की माहिती मालकाची आहे. त्यानं दुसरा माणूस गाठला तर सगळी टेबलं, रकान्यांच्या मराठी खुलाशासह, आठ दिवसांत त्याच्या हवाली कर, आणि तुझं बिल थकलेलं असलं तरी ती अडवून धरू नकोस.