हासिदी पंथ आणि हलाखा : ‘तान्या’च्या वाचनातील एक प्रश्न

पूर्व युरोपातील यहुद्यांच्या हासिदी पंथाचे नाव निघाले की आपल्याकडील अभ्यासकाला भक्तिसंप्रदायांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. गायन व नर्तन, उपासनेतील आनंदावर दिलेला भर, गुरूविषयीची निष्ठा, लोकभाषेतील कथा आणि पंडितांनी केलेला विरोध ही साम्ये खरी आहेत. परंतु या साम्यांच्या ओघात एक समीकरण नकळत मांडले जाते : हासिदी म्हणजे भक्ती, आणि त्यांनी ज्याविरुद्ध बंड केले ते कर्मकांड. या समीकरणाचा उत्तरार्ध मूळ ग्रंथांपुढे टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम संज्ञेचा विचार करू. यहुदी विधिशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. ‘जाणे, चालणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूपासून हा शब्द आला आहे. आपला ‘आचार’ हा शब्दही ‘चर्’ या गतिवाचक धातूचाच. हलाखेत प्रार्थनेच्या वेळा व अन्नाचे नियम येतात, तसेच ऋण, ठेव, नुकसानभरपाई, विवाह हेही येतात. याज्ञवल्क्यस्मृतीतील आचार, व्यवहार व प्रायश्चित्त या तिन्ही अध्यायांचा विषय तीत सामावतो. तिला ‘कर्मकांड’ म्हटले की यज्ञवेदीबाहेरचे सारे जीवन हातातून निसटते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ हे नाव दिले ते शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या आचारावरून, कोणत्याही सिद्धांतावरून नव्हे.

हासिदी पंथाचा प्रवर्तक इस्राएल बेन एलिएझेर, ऊर्फ बाल शेम तोव, १७६० मध्ये निवर्तला. त्याचा उत्तराधिकारी, मेझेरिचचा दोव बेर, १७७२ मध्ये गेला. त्याच वर्षी व्हिल्ना येथील धर्मधुरीणांनी, प्रख्यात पंडित एलिया यांच्या संमतीने, हासिदींवर बहिष्कार पुकारला. आरोपांचे स्वरूप मात्र पाहण्याजोगे आहे. हे लोक प्रार्थनेची शास्त्रोक्त वेळ टळू देतात, निराळा प्रार्थनापाठ वापरतात, पशुवधाच्या सुऱ्यांना नेहमीपेक्षा वेगळी धार लावतात, असे ते आरोप होते. सुरीच्या प्रश्नात हासिदींची भूमिका अधिक काटेकोर पात्याची होती. पाते फार पातळ झाले तर त्याला खाच पडेल, अशी विरोधकांना शंका होती. म्हणजे विधिशास्त्र मोडण्याचा आरोप एका पक्षावर, आणि ते अधिक सूक्ष्मतेने पाळल्याचा दावाही त्याच पक्षाचा. तो सारा वाद विधिशास्त्राच्याच परिभाषेत चालला होता. प्रार्थनेच्या वेळेबाबतचा आरोप निराधार नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

या वादाच्या ऐन मध्यावर उभा असलेला ग्रंथकार म्हणजे ल्यादीचा श्नेउर झाल्मन (१७४५–१८१२). दोव बेरच्या सांगण्यावरून तरुणपणीच त्याने विधिसंहिता रचावयास घेतली. योसेफ कारोच्या सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरूख’चीच ती नवी मांडणी, प्रत्येक निर्णयाबरोबर त्याचे कारण देणे हा तिचा विशेष. तिचा बराचसा भाग त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. दुसरा ग्रंथ ‘तान्या’; तो १७९६ मध्ये स्लाविता येथे प्रसिद्ध झाला. संहिता विधिशास्त्राचे अभ्यासक वाचतात, ‘तान्या’ गूढवादाचे. आणि येथेच घोटाळा होतो.

‘तान्या’चे चौथे व पाचवे प्रकरण एकत्र वाचावे. मायमॉनिडीझ (मृत्यू १२०४) या मध्ययुगीन तत्त्वज्ञाचे एक प्रमेय लेखक पायाला घेतो : ईश्वर हाच ज्ञाता, ज्ञेय आणि ज्ञान. त्रिपुटीचा हा विचार आपल्याला परका नाही. मग ईश्वराच्या ज्ञानाशी माणसाचे ऐक्य कशाने व्हावे? ध्यानाने किंवा समाधीने, असे उत्तर आपण अपेक्षितो. श्नेउर झाल्मन उदाहरण देतो ते एका दाव्याचे. रूवेनने असा दावा केला आणि शिमोनने तसा, तर निकाल अमुक द्यावा. (आपल्या शास्त्रग्रंथांतील देवदत्त-यज्ञदत्तांसारखीच ही ठरीव नावे.) असा निकाल ही ईश्वराचीच इच्छा आहे, तो ज्याच्या बुद्धीला नीट कळला, त्याची बुद्धी त्या इच्छेला कवटाळते आणि तिने वेढलीही जाते. असा दावा कधी घडला नसला, पुढेही घडणार नसला, तरी यात फरक पडत नाही. राजाला आलिंगन देताना त्याच्या अंगावर वस्त्र एक आहे की अनेक, याने काय बिघडते, असा दृष्टांत तो देतो. तत्त्वज्ञान, विधिशास्त्र आणि हासिदी साधना येथे एकाच युक्तिवादाचे घटक आहेत. यांतील विधिशास्त्र काढून टाकले, तर उरलेल्या दोहोंना विषयच राहत नाही.

याच ग्रंथाचा दुसरा भाग अद्वैताच्या फार जवळ येतो. सृष्टीसाठी ईश्वराने स्वतःचा संकोच केला, ही सोळाव्या शतकातील इसाक लुरियाची कल्पना शब्दशः घेऊ नये, ईश्वरावाचून रिक्त स्थळ नाही, असे तेथे प्रतिपादले आहे. शांकर मतात अशा ज्ञानाची परिणती कर्मसंन्यासात होते. येथे मात्र विधीला अधिकच वजन येते.

‘तान्या’चा नायक सिद्धपुरुष नाही, तो ‘बेनोनी’ म्हणजे मध्यम पुरुष आहे. त्याच्या अंतरातील दुष्ट प्रवृत्ती जिवंत असते, कदाचित आयुष्यभर तशीच राहते. तथापि विचार, उच्चार आणि आचार या तीन वस्त्रांवर तो तिची सत्ता चालू देत नाही. त्याला ‘साधक’ म्हणण्याचा मोह होतो. पण साधक सिद्धीकडे निघालेला असतो, बेनोनीला तशी हमी नाही. वासनेचा समूळ नाश त्याच्या हाती नाही. पुढची कृती आहे. गुरूच्या कृपासामर्थ्याचा महिमा गाणाऱ्या इतर हासिदी शाखांहून हा स्वर निराळा आहे, आणि अधिक कठोरही.

मग बंडखोर भक्तांचे चित्र आले कोठून? मुख्यतः मार्टिन बूबर यांच्या कथासंग्रहांतून. गेर्शोम शोलेम यांनी १९६१ मध्ये त्यावर आक्षेप घेतला : बूबर यांनी आख्यायिकांना प्रमाण मानले आणि आधी छापल्या गेलेल्या प्रवचनग्रंथांना बाजूस सारले. कालक्रम शोलेम यांच्या बाजूने आहे. पहिला हासिदी ग्रंथ १७८० चा. बाल शेम तोवच्या आख्यायिका छापल्या गेल्या त्या १८१४–१५ च्या सुमारास. तरी कथा टाकाऊ ठरत नाहीत. ‘लीळाचरित्र’ वाचणारा ‘सूत्रपाठ’ बाजूला ठेवत नाही. महानुभावांचा आचारविचार दोहोंतून मिळून कळतो. हासिदींच्या बाबतीत आपण केवळ लीळा वाचल्या आहेत.

हासिदी प्रवचनांची जडणघडणही याच दृष्टीने तपासली पाहिजे. गुरू बोले यिडिश भाषेत, आणि बहुधा शब्बाथच्या दिवशी. त्या दिवशी लिहिणे हलाखेने निषिद्ध. म्हणून श्रोते प्रवचन स्मरणात धरीत आणि शनिवारी सूर्यास्तानंतर, तारे दिसू लागल्यावर, ते उतरून काढीत. तेही बहुधा हिब्रूत. छापील पानावरील संक्षेप, तुटक वाक्ये आणि भाषांतराच्या खुणा यांचा उगम त्या मधल्या काही तासांत आहे.